रोशा, निलगिरी आणि मोजलेले थेंब

गहू पेरला की आमच्या घरची झोप मोडते. शेतीपंपाची वीज बरेचदा रात्रीच येते. मालक दोन वाजता बॅटरी घेऊन पाणी भरायला जातात आणि पहाटे ओल्या पायांनी, नाक चोंदून परत येतात. आम्ही शहादा तालुक्यातले. डिसेंबर-जानेवारीत इथे पारा दहाच्या खाली उतरतो, आणि वर सातपुड्यात डाब-वालंब्याकडे तर दव गोठतं. घरात आम्ही दोघं, गुडघ्यांनी बेजार झालेल्या जिजी म्हणजे माझ्या सासूबाई, नऊ वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा. सुगंधी तेलाची एकच बाटली पाचही जणांना चालत नाही, हे कळायला मला एक हिवाळा लागला.

त्या हिवाळ्यात मुलगी पाच वर्षांची होती. रात्री खोकत होती म्हणून मी निलगिरीचं तेल तसंच्या तसं तिच्या छातीवर चोळलं. सकाळी फ्रॉक वर केला तर गळ्याखाली तळहाताएवढा लालबुंद डाग, आणि हात लावू देईना. जिजींनी आधी तिळाच्या तेलाचा बोळा फिरवला, मग कोमट पाण्याने आणि साबणाने धुतलं. नुसतं पाणी ओतलं असतं तर तेल निघालं नसतं, पसरलं असतं. दोन दिवसांनी डाग गेला. जिजी रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "थेंब मोजीसन टाक व माय." तेव्हापासून ड्रॉपरशिवाय मी बाटलीला हात लावत नाही.

मापाचं गणित सोपं आहे. साधारण वीस थेंबांचं एक मिली होतं. अंगाला लावायचं तेल मोठ्या माणसासाठी दोन टक्के ठेवायचं, म्हणजे तीस मिली तिळाच्या तेलात सुगंधी तेलाचे बारा थेंब. चहाच्या चमच्याने मोजलं तर तिळाचं तेल सहा चमचे भरतं. नऊ वर्षांच्या मुलीला त्याच्या निम्मं, म्हणजे सहाच थेंब. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून एक दिवस थांबा. खाज आली तर ते तेल त्या माणसासाठी बंद. तिळाचं तेल लाकडी घाण्यावरचं मिळालं तर उत्तम, नाहीतर खोबरेल घ्या.

जिजींच्या गुडघ्यांना मी रोशाचं तेल लावते. रोशा गवत आपल्याच डोंगरांतलं. पावसाळा सरता सरता ते फुलतं, आणि पान चुरगाळलं की गुलाबासारखा वास येतो, कारण दोघांतही जिरॅनिऑल नावाचं सुगंधी द्रव्य असतं. याचे दोन प्रकार, मोतिया आणि सोफिया. गोड, मऊ वासाचं ते मोतिया. सोफियाला आल्यासारखी उग्र झाक असते. १८८० साली छापलेल्या खानदेशच्या गॅझेटिअरमध्ये या तेलाच्या भट्ट्यांची नोंद आहे. इथलं तेल मुंबईहून पार तुर्कस्तानपर्यंत जायचं आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. आपल्या डोंगरातल्या गवताची एवढी मोठी गोष्ट आपल्याच पोरांना ठाऊक नसते, याचं मला वाईट वाटतं. जिजी लहानपणी गुरं घेऊन डोंगरात जायच्या. बाटली उघडली की त्या अजूनही डोळे मिटून एक मोठा श्वास घेतात, आणि मग पाय पुढे करतात.

रात्री जेवणं झाली की वाटीत दोन चमचे तिळाचं तेल घेऊन वाटी गरम पाण्यात ठेवते. तेल कोमट झालं की बाहेर काढून त्यात रोशाचे चार थेंब. विस्तवावर वाटी कधीच ठेवायची नाही. ही तेलं उडून जातात आणि पेटही घेतात. दहा मिनिटं खालून वर चोळायचं आणि वरून जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळायची. झीज भरून येत नाही, पण सकाळी उठताना त्यांना आधाराला भिंत लागत नाही.

मालकांसाठी वाफ. पातेलं उकळलं की खाली उतरवून जमिनीवर ठेवायचं, मिनिटभर थांबायचं आणि निलगिरीचे दोनच थेंब टाकायचे. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं, त्यामुळे पहिला झोत सगळ्यात जहाल असतो. तोंड हातभर दूर, डोळे मिटलेले, डोक्यावर टॉवेल, पाच मिनिटं. सर्दीचा विषाणू याने मरत नाही. नाक मोकळं वाटतं, झोप लागते, आणि रात्रभर पाण्यात उभ्या राहिलेल्या माणसाला तेवढं पुष्कळ असतं. दम्याच्या माणसाला कधीकधी याच वासाने धाप लागते आणि फीट येणाऱ्याला निलगिरी, कापूर दोन्ही वाईट. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच वापरू नये.

मुलीला मी वाफ देत नाही. पातेलं कलंडून पोरं भाजतात. तिला रोशाचं सौम्य तेल पाठीला आणि तळपायांना, वर पायमोजे. रुमालाच्या टोकाला निलगिरीचा एक थेंब लावून तो खाटेपासून दूर खुंटीला टांगते. तोंडाजवळ, नाकाजवळ काहीच लावत नाही.

धाकट्याला यातलं एकही तेल नाही, आणि इथे मी कोणाचंच ऐकत नाही. शेजारणी मायेने सांगतात, छातीला कापूर लाव, नाकाला बाम लाव. दोन वर्षांखालच्या बाळाला कापूर, पुदिन्याचं सत्त्व आणि निलगिरी यांनी श्वास कोंडू शकतो, झटके येऊ शकतात. त्याला कोवळ्या उन्हात नुसत्या कोमट तिळाच्या तेलाने मालिश, नाक चोंदलं तर मेडिकलमधले साध्या मिठाच्या पाण्याचे थेंब, आणि अंगावरचं दूध. श्वास भराभर चालला, बरगड्यांखाली छाती आत ओढली जाऊ लागली किंवा बाळाचं दूध पिणं सुटलं, तर तेलाची बाटली शोधत बसू नका, दवाखाना गाठा. मोठ्यांचाही ताप तीन दिवसांत उतरला नाही तर दाखवायचंच.

पिण्याचं तर नावच नको. साखरेवर दोन थेंब घ्या म्हणणारे गावोगाव भेटतात. निलगिरीचं एक चमचाभर तेलही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं. पोटात गेलंच तर उलटी करवू नका. बाटली सोबत घ्या आणि १०८ला फोन करा.

विकत घेताना बाटलीवर झाडाचं शास्त्रीय नाव आणि तारीख बघा. बाजारात एकाने मला रोशा म्हणून स्वस्तात दिलेलं तेल घरी वहीच्या कागदावर टाकून पाहिलं. दुसऱ्या दिवशीही तळणीच्या भज्याखालच्या कागदासारखा तेलकट डाग तसाच. सुगंधी तेल शुद्ध असेल तर ते उडून जातं, असा डाग राहत नाही. गोडंतेल मिसळलेलं त्यात लगेच पकडलं जातं. मात्र दुसरं स्वस्त सुगंधी तेल मिसळलेलं असेल तर कागदावर कळत नाही, म्हणून ओळखीच्या दुकानातूनच घ्या.

बाटली गडद काचेची हवी, बूच घट्ट, उन्हापासून आणि चुलीपासून लांब. आमच्या बाटल्या पत्र्याच्या डब्यात धान्याच्या कोठीवर असतात आणि त्या डब्याची किल्ली जिजींच्या कमरेला.