स्टीअरिंग वाकडे राहणे आणि कॉलममधून आवाज येणे: कारण शोधून दुरुस्ती कशी करावी

गाडी सरळ रस्त्यावर सरळ धावत असूनही स्टीअरिंग डावीकडे किंवा उजवीकडे थोडे कललेले राहते, ही तक्रार बहुधा टाय रॉड (चाकांना वळवणारे दांडे), शॉकअब्सॉर्बर किंवा पुढच्या चाकांच्या इतर भागांचे काम झाल्यानंतर सुरू होते. त्यावर स्टीअरिंग काढून ते स्प्लाइनवर (शाफ्टच्या टोकावरील दात्यांवर) एखादा दात फिरवून पुन्हा बसवण्याचा झटपट उपाय पुष्कळदा केला जातो. दिसायला स्टीअरिंग सरळ होते, पण दोष जागच्या जागी राहतो, कारण वाकडेपणाचे मूळ बहुतेक वेळा खाली टाय रॉडच्या लांबीत असते. शिवाय एअरबॅग असलेल्या गाडीत स्टीअरिंग विनाकारण काढणे धोक्याचेही आहे.

प्रथम स्टीअरिंग वाकडे असणे आणि गाडी एका बाजूला ओढणे या दोन तक्रारी वेगळ्या कराव्यात. हवेचा दाब थंड टायरमध्ये तपासून दोन्ही बाजूंना सारखा करावा आणि मोकळ्या, सपाट रस्त्यावर गाडी चालवावी. पाणी वाहून जावे म्हणून रस्त्यांना कडेकडे उतार दिलेला असतो, त्यामुळे एकाच दिशेने चालवून निष्कर्ष काढू नये. गाडी खरोखरच ओढत असेल तर पुढचे दोन टायर आपसांत बदलून पाहावेत. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा आहे. एका बाजूचे ब्रेक पॅड डिस्कला चिकटून राहत असले तरी गाडी ओढते आणि त्या चाकाची रिम धावून आल्यावर जास्त तापलेली असते.

ओढ नसेल आणि केवळ स्टीअरिंग वाकडे असेल, तर रॅकचा, म्हणजे स्टीअरिंग फिरवल्यावर डावी-उजवीकडे सरकून टाय रॉड ढकलणाऱ्या दांड्याचा, मध्य शोधावा. पुढची चाके उचलून, गाडी जॅकवर न ठेवता मजबूत स्टँडवर ठेवून आणि मागच्या चाकांना ठोकळे लावून, स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूच फिरवावे, किती फेरे झाले ते मोजावे आणि बरोबर निम्मे मागे यावे. या जागी स्टीअरिंग सरळ दिसत असेल तर ते शाफ्टवर नीट बसलेले आहे आणि फरक टाय रॉडमध्ये आहे. येथेही ते वाकडेच दिसले, तर पूर्वी कोणीतरी स्टीअरिंग किंवा त्याखालचा शाफ्ट चुकीच्या जागी बसवला असण्याची शक्यता आहे, आणि फक्त अशाच वेळी ते काढण्याला अर्थ आहे.

चाके वर असतानाच प्रत्येक चाक दोन्ही बाजूंना, म्हणजे घड्याळातील 9 आणि 3 च्या जागी धरून हलवावे. ढिलेपणा जाणवला तर टाय रॉड किंवा त्याचा एंड (टोकाचा सांधा) झिजलेला असतो. 12 आणि 6 च्या जागी धरून हलवल्यावर चाक हलले, तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंटकडे (चाक धरणाऱ्या गोल सांध्याकडे) पाहावे. झिजलेल्या भागांवर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय, कारण पहिल्या खड्ड्यात ते पुन्हा बिघडते.

भाग ठीक असतील तर दोन्ही टाय रॉडच्या लॉकनटाची आजची जागा रंगाने खूण करून ठेवावी, नट सैल करावेत आणि रॅकच्या रबरी बुटाची क्लिप ढिली करावी, नाहीतर रॉड फिरवताना बूट पिळवटून फाटतो. रॅक पुढच्या चाकांच्या अक्षाच्या मागे असलेल्या गाडीत स्टीअरिंग डावीकडे कललेले असेल, तर डावा रॉड आखूड आणि उजवा रॉड तेवढाच लांब करावा. रॅक अक्षाच्या पुढे असेल तर याच्या उलट. दोन्हीकडचा बदल सारखाच ठेवला की एकूण टो, म्हणजे पुढची चाके आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते माप, जवळपास कायम राहतो. पाव फेऱ्यापेक्षा जास्त एका वेळी फिरवू नये. प्रत्येक वेळी नट आवळून, गाडी खाली घेऊन, थोडे चालवून पाहावे. शेवटी टो मोजून घेतलेला बरा, आणि स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू नये म्हणून असलेली यंत्रणा) असलेल्या गाडीत स्टीअरिंगच्या कोनाचा सेन्सर स्कॅनरने पुन्हा शून्यावर आणावा लागू शकतो.

आता आवाजाकडे वळू. इथे ग्रीसची नळी हातात घेण्याआधी आवाज नेमका कुठून येतो, हे शोधण्यातच खरे काम आहे. एकाने आत बसून स्टीअरिंग फिरवावे आणि दुसऱ्याने कॉलमच्या (स्टीअरिंगखालील शाफ्ट धरणाऱ्या नळीच्या) आवरणावर, मग पेडलजवळच्या क्रॉस जॉइंटवर (शाफ्टच्या वळत्या सांध्यावर) तळहात टेकवावा. ठोका बोटांना स्पष्ट जाणवतो. स्टीअरिंग फिरवताना प्लास्टिक घासल्यासारखी खरखर येत असेल, तर कॉलमचे आवरण स्टीअरिंगच्या मागील बाजूला टेकते का ते पाहावे. आवरणाचे स्क्रू सैल करून ते नीट बसवले की बहुधा भागते. तसे नसल्यास एअरबॅग व हॉर्नची तार गुंडाळलेले क्लॉक स्प्रिंग घासत असू शकते, आणि ते काम बॅटरीची तार काढून, उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबून, माहीतगारानेच करावे. डॅशबोर्डखालून रबराची करकर येत असेल, तर शाफ्ट फायरवॉलमधून (इंजिन आणि आतली जागा वेगळी करणाऱ्या पत्र्यातून) जातो तिथल्या सीलला सिलिकॉन ग्रीस लावावे; साधे तेल लावल्यास ते रबर फुगू शकते.

स्टीअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवताच ‘खट्’ असा ठोका येत असेल, तर क्रॉस जॉइंट झिजलेला, शाफ्टचा सरकता जोड कोरडा किंवा त्याला धरणारा बोल्ट सैल असतो. यातला सैल बोल्ट सर्वात गंभीर, म्हणून तो आधी पाहावा. त्याला ठरावीक टॉर्कनेच (पिळाच्या मापानेच) आवळावे आणि उत्पादकाने सांगितले असल्यास नवीनच बोल्ट वापरावा. जोड सुटा करायचा असल्यास दोन्ही भागांवर खूण करावी आणि स्टीअरिंग सीटबेल्टने बांधून ठेवावे, कारण ते मोकळे फिरले की क्लॉक स्प्रिंग तुटते.

काही आवाज कॉलममधून आल्यासारखे भासतात, पण तिथले नसतात. उभ्या गाडीत फिरवताना स्प्रिंग ताणून सुटल्यासारखा आवाज येतो, तो शॉकअब्सॉर्बरच्या वरच्या बेअरिंगचा. वळताना गाडी चालू असतानाच येणारी कट्कट सीव्ही जॉइंटची (इंजिनाची ताकद चाकाला देणाऱ्या शाफ्टच्या सांध्याची) असते, आणि हायड्रॉलिक स्टीअरिंगमधील घूंऽऽ असा सूर तेल कमी झाल्याचे किंवा त्यात हवा शिरल्याचे लक्षण होय. शेवटच्या टोकाला दाबून धरल्यावर येणारा तोच सूर मात्र नेहमीचा आहे. तसे फार वेळ धरू नये. इलेक्ट्रिक स्टीअरिंगच्या कॉलमवरील मोटर व गिअरमध्ये ढिलेपणा असेल, तर तो भाग घरी उघडू नये, कारण तो चुकीचा जोडला गेला तर गाडी वळण्याचीच खात्री राहत नाही.