कन्व्हेन्शनमध्ये लेखकाचं टेबल: मुंबईत फँटसी लिहिणाऱ्या मराठी लेखकांसाठी

साहित्य संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात येणारा माणूस मराठी पुस्तक घ्यायला आलेला असतो. फँटसी-कॉमिक्सच्या कन्व्हेन्शनला येणारा माणूस पोस्टरं, टी-शर्ट, मूर्ती आणि इतरांचे पोशाख बघायला आलेला असतो. तुमच्या टेबलासमोर तो फार तर दहा सेकंद रेंगाळतो. घरी मराठी बोलणारे त्या गर्दीत भरपूर असतात, पण इथे मराठी फँटसी मिळेल अशी त्यांची अपेक्षाच नसते. टेबल, पुस्तकं, बोलणं, सही यांची सगळी तयारी त्या दहा सेकंदांसाठी करायची.

आधी आपण कुठे जातोय ते नीट समजून घ्या. १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेलं वर्ल्डकॉन किंवा १९७५ पासूनचं वर्ल्ड फँटसी कन्व्हेन्शन ही चाहत्यांनी आणि लेखकांनी स्वतः भरवलेली संमेलनं आहेत. वर्ल्डकॉनला तर तिकीट नसून सभासदत्व असतं. चर्चेला बसणारे बहुतेक लेखकही ते पदरचे पैसे भरून घेतात. आपल्याकडची मोठी कॉमिक कॉनं (दिल्लीत २०११ साली सुरुवात झाली, मग मुंबईत आली) ही तिकीट लावून भरणारी प्रदर्शनं आहेत. तिथे लेखकाची जागा बहुतेक वेळा कलाकारांच्या टेबलांच्या गल्लीत असते. तिथे नुसतं गप्पा मारायला जाणं आणि माल घेऊन बसणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. हा लेख माल घेऊन बसण्याबद्दल आहे.

आधी आकडेमोड

अर्ज भरण्याआधी एक कागद घ्या. समजा टेबलाचं भाडं ६,००० रुपये आहे आणि प्रवास, बॅनर, खाणं यांचे २,००० होतात. पुस्तकाची किंमत ३००, छपाई प्रतीमागे १३०. म्हणजे प्रतीमागे १७० सुटतात आणि खर्च भरून यायला ४८ प्रती खपाव्या लागतात. पुस्तक प्रकाशकाकडून ४० टक्के सवलतीत उचललं, तर सुटतात १२० आणि लागतात ६७ प्रती. एकाच शीर्षकाच्या नवख्या लेखकाला हे जड जातं. म्हणून पहिल्या खेपेला टेबल कुणाबरोबर तरी अर्धं वाटून घ्या. खर्च ५,००० वर आला की स्वतः छापलेल्या ३० प्रतींत हिशेब मिटतो. जोडीदार चित्रकार असेल तर सोन्याहून पिवळं, कारण चित्र बघायला थांबलेला माणूस शेजारचं पुस्तकही हातात घेतो. मात्र आयोजकांची टेबल वाटून घ्यायला परवानगी आहे का, ते लेखी विचारा.

छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे, पण पोस्टर, बॅज, कीचेन यांवर तो लागतो. सोबत अशा वस्तू विकणार असाल तर आयोजक कोणती कागदपत्रं मागतात, ते महिनाभर आधी बघून ठेवा. आयएसबीएन नसेल तर तोही आधीच काढा. भारतात तो सरकारी संस्थेकडून फुकट मिळतो, त्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालाच्या नादी लागू नका.

वजन आणि वाट

डेमी आकाराचं, ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागदावर छापलेलं ३०० पानी पुस्तक साधारण साडेतीनशे ग्रॅम भरतं. चाळीस प्रती म्हणजे चौदा किलो. एकाच खोक्यात ते कोंबलं की तळ फाटतो, आणि तो नेमका पादचारी पुलावर फाटतो. वीस-वीस प्रतींची दोन खोकी करा, आत तळाला आणि वर एकेक पुठ्ठा घाला, प्रत्येक खोकं प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. चाकांची बॅग सपाटीवर बरी वाटते, स्टेशनच्या जिन्यावर ती उचलावीच लागते.

गोरेगावला नेस्कोत कार्यक्रम असेल तर राम मंदिर किंवा गोरेगाव स्टेशन, नाहीतर मेट्रो ७. बीकेसीत असेल तर मेट्रो ३ चं बीकेसी स्टेशन. शनिवार-रविवारचा कार्यक्रम म्हटला की रविवारचा ब्लॉक आलाच. पश्चिम रेल्वेवर जम्बो, मध्य आणि हार्बरवर मेगा. आदल्या दिवशी वेळापत्रक बघा आणि ब्लॉक सुरू व्हायच्या आत पोहोचा. माल शक्यतो मांडणीच्या दिवशी, म्हणजे उद्‌घाटनाच्या आदल्या संध्याकाळी नेऊन ठेवा. सकाळी पुस्तकांची खोकी घेऊन प्रेक्षकांच्या रांगेत उभं राहायची वेळ आली तर दरवाजा चुकलाय असं समजा. स्टॉलवाल्यांचं प्रवेशद्वार वेगळं असतं आणि ते सहसा हॉलच्या मागच्या बाजूला असतं.

टेबल मांडताना

सहसा सहा फूट बाय दोन फुटांचं टेबल आणि दोन खुर्च्या मिळतात. ते टेबल दिसायला ओबडधोबड असतं. डबल बेडची गडद, एकरंगी चादर (साडेसात बाय नऊ फूट) त्यावर बरोबर बसते. पुढून जमिनीपर्यंत सोडायची, म्हणजे खोकी, पाण्याच्या बाटल्या, डबा सगळं झाकलं जातं. नक्षीदार चादर टाळा, तिच्यावर मुखपृष्ठ हरवतं.

पुस्तकं आडवी मांडणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. दोन मीटरवरून चालणाऱ्याला आडव्या पुस्तकाची फक्त कड दिसते. निदान तीन प्रती स्टँडवर उभ्या करा, त्यातली एक रिकाम्या खोक्यावर चढवून डोळ्यांच्या उंचीला आणा. एका प्रतीवर ‘चाळण्यासाठी’ अशी चिठ्ठी लावून ती टेबलाच्या कडेला ठेवा. कोऱ्या गठ्ठ्यातलं पुस्तक उचलायला लोक संकोचतात. किंमत मोठ्या अक्षरांत, सुट्ट्या कार्डावर. किंमत विचारावी लागली की निम्मे लोक पुढे निघून जातात.

आता बॅनर. अडीच बाय सहा फुटांच्या उभ्या स्टँडीचा खालचा दोन फुटांचा भाग टेबलामागे आणि गर्दीत दिसत नाही, तिथे काही महत्त्वाचं छापू नका. शीर्षक वरच्या तिसऱ्या भागात हवं, आणि त्याच्याच जवळ ‘मराठी फँटसी’ हे दोन शब्द शीर्षकाइतकेच ठळक. याहून मोठी पाटी कुठलीच नाही, कारण ते वाचूनच लोक थबकतात.

बॅनरच्या छपाईत मराठीचा हमखास घोटाळा होतो. तुमच्याकडे नीट दिसणारी फाइल छापखान्याच्या संगणकावर उघडली की फाँट बदलतो, जोडाक्षरं सुटी होतात, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते आणि ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं. समोरच्याला मराठी वाचता येत असेलच असं नाही, त्यामुळे चूक त्याच्या नजरेत येत नाही. उपाय सोपा आहे: फाइल देण्याआधी अक्षरं कर्व्ह करून घ्या (म्हणजे अक्षरांचे आकार चित्रासारखे होतात, फाँट लागत नाही), पीडीएफ द्या, आणि छापायच्या आधी पडद्याचा फोटो मागवून शब्दन्‌शब्द वाचा. शब्दांत रफार किंवा ऱ्ह असेल तर दोनदा.

दहा सेकंदांचं वाक्य

‘कशाबद्दल आहे?’ हा प्रश्न दिवसाला शंभर वेळा येतो. त्यावर पाच राज्यं, सात कुळं आणि एका हरवलेल्या तलवारीचा इतिहास सांगायला घेतलात की समोरच्याची नजर पलीकडच्या स्टॉलवर गेलीच. तुम्ही रचलेली नावं त्याला परकी आहेत. पहिल्या वाक्यात एकही रचलेलं नाव नको. ओळखीची एक गोष्ट आणि तिच्यात घुसलेली एक अनोळखी गोष्ट, बस्स. उदाहरणार्थ: ‘गावच्या सातबाऱ्यावर एका भुताचं नाव लागलंय, आणि ते काढायला नवा तलाठी आलाय.’ पाच सेकंदांत संपतं. ‘मग?’ असा प्रश्न आला, तर पुस्तक हातात द्या आणि गप्प बसा. वाचणाऱ्याच्या डोक्यावर बोलत राहिलात तर तो पुस्तक खाली ठेवतो.

दुसरं वाक्य आई-बाबांसाठी तयार ठेवा. पंधरा वर्षांच्या मुलाबरोबर आलेले पालक विचारतात, ‘किती वर्षांच्या मुलांसाठी?’ खरं उत्तर द्या. पुस्तकात रक्तपात असेल तर तसं सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक परत घेऊन येतील. मुलाचं मराठी वाचन कच्चं असेल (इंग्रजी माध्यमाचा मुलगा, म्हणजे बहुधा असणारच), तर एक पान तिथेच वाचायला द्या. अडखळत का होईना पान संपवून त्याने पुढचं उलटलं, तर पुस्तक गेलं म्हणून समजा.

चर्चा आणि वाचन

चर्चेची वेळ पन्नास मिनिटं असेल, तर ओळखीत पाच आणि प्रश्नोत्तरांत दहा जातात. उरलेली पस्तीस चौघांत वाटली तर तुमच्या वाट्याला पावणेनऊ. एवढ्यात तीन मुद्दे मावतात, सहा नाहीत. सूत्रसंचालकाला आठवडाभर आधी गाठून प्रश्न मागवा आणि आपलं नाव कसं उच्चारायचं तेही सांगून टाका. माइक हनुवटीजवळ, चार बोटांवर धरायचा. तो छातीशी धरून बोलणारे शेवटच्या तीन रांगांना ऐकूच येत नाहीत. प्रत्येक उत्तरात स्वतःच्या पुस्तकाचं नाव घेऊ नका. समोर पुस्तक उभं ठेवलंय तेवढं पुरे.

वाचनाला आठ मिनिटं मिळाली तर आठशे शब्दांचा उतारा निवडा, मिनिटाला शंभराच्या बेताने. घरी याहून भरभर वाचून होतं, पण हॉलमध्ये शेजारच्या मंचावरचा गोंगाट येत असतो आणि सावकाशच वाचावं लागतं. उतारा पुस्तकातून वाचू नका. सोळा पॉइंटमध्ये सुट्या कागदांवर छापून घ्या, पानाची शेवटची ओळ वाक्य संपवूनच संपू द्या. सुरुवातीचं वर्णन सोडा, दोन माणसं बोलत असलेला प्रसंग घ्या. तो संपतो तिथे नाही, अडकतो तिथे थांबा.

सही

कोणताही पेन चालत नाही. मॅपलिथो, म्हणजे पुस्तकांचा नेहमीचा बिनचकाकीचा कागद, शाई शोषतो, त्यावर जाड मार्कर मागच्या पानावर उतरतो. गुळगुळीत आर्ट पेपरवर जेल पेन सुकत नाही आणि पुस्तक मिटलं की समोरच्या पानावर उलटी सही उमटते. आधी खराब प्रतीवर पेन तपासा. मॅपलिथोसाठी साधा बॉलपेन उत्तम.

नाव मात्र कधीही ऐकून लिहू नका. कुणी हृषीकेश लिहितो, कुणी ऋषिकेश. श्रुतीचं ‘श्रुति’ झालं की तिच्या चेहऱ्यावर दिसतं. चिकट चिठ्ठ्यांचं एक पॅड ठेवा, नाव त्यांनाच मराठीत लिहायला सांगा, चिठ्ठी पानाला लावा आणि बघून लिहा. सहीची प्रत भेट द्यायची असेल तर नाव घेणाऱ्याचं की ज्याला द्यायची त्याचं, हेही विचारा. चुकलेली प्रत आपल्या खात्यात जाते.

पैसे, गर्दी, घसा

दुपारनंतर गर्दी वाढली की मोबाइलचं नेटवर्क मरतं आणि यूपीआय फिरत बसतं. वेगळ्या दोन कंपन्यांची सिमं जवळ असू द्या आणि क्यूआर कोड छापून टेबलाला चिकटवा. ग्राहकाच्या फोनवर ‘सक्सेसफुल’ दिसलं म्हणून पुस्तक देऊ नका. आपल्या फोनवर किंवा साउंडबॉक्सवर पैसे आल्याचं कळू द्या. किंमत २९९ ठेवली की एकेका रुपयासाठी खोळंबा होतो. ३०० ठेवा, आणि शंभर-दोनशेच्या सुट्या नोटा दोन हजारांच्या आसपास बाळगा.

पोशाख करून आलेल्यांचा फोटो विचारून काढा, आणि पोशाखाला हात लावू नका. शिंगं, पंख, कवच महिनोन्‌महिने खपून पुठ्ठ्या-फोमचं केलेलं असतं. टेबलावर आळीपाळीने एक जण हवाच. एकटे असाल तर शेजारच्या टेबलवाल्याशी पहिल्याच सकाळी चहा पाजून ओळख करून घ्या. दुसऱ्या दिवशी दुपारी घसा बसतो, कारण तुम्ही आठ तास गोंगाटावर ओरडत असता. कोमट पाण्याची बाटली, रात्री मिठाच्या गुळण्या, आणि एसीच्या झोताखाली टेबल असेल तर स्वेटर. मुंबईत स्वेटर म्हणजे हसू येईल, पण न्या.

संपादक आणि करार

कुणी प्रकाशक किंवा निर्माता टेबलाशी थांबला तर हस्तलिखित पुढे करू नका, ते तो घरी नेत नाही. एका पानाचा सारांश आणि तुमचं कार्ड द्या. त्याच्या कार्डाच्या मागे तिथल्या तिथे लिहा: काय बोलणं झालं, काय पाठवायचंय. तीन दिवसांत मेल गेली पाहिजे.

‘आम्ही याची वेब सिरीज करू’ असं म्हणणारे भेटतात. कौतुक ऐका, सही करू नका. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ नुसार हक्क लेखीच द्यावे लागतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. त्यामुळे मुदत, प्रदेश, भाषा, माध्यम आणि मोबदला हे पाचही रकाने कागदावर हवेत. कॉमिक, ऑडिओ आणि पडदा यांचे हक्क वेगवेगळे विका.

आवरताना घाई करू नका. उरलेल्या प्रती मोजा, विकलेल्यांशी आणि जमा झालेल्या पैशांशी ताळा तिथेच जुळवा. चाळण्यासाठी ठेवलेली प्रत आणि दुमडलेल्या कोपऱ्यांच्या प्रती वेगळ्या बांधा, त्या गावच्या वाचनालयाला जातात. खोक्यावर शिल्लक आकडा आणि तारीख लिहा. पुढच्या वेळी किती छापायच्या ते त्यावरूनच ठरतं.