आरपीजीमध्ये (पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या व्हिडिओ गेममध्ये) ग्राइंडिंग (ताकद वाढवायला त्याच लढाया पुन्हा पुन्हा खेळणं), साइड मिशन (मुख्य गोष्टीबाहेरच्या मोहिमा) आणि खरेदी: काय करावं, काय टाळावं

१. बॉसने (टप्प्याच्या शेवटच्या बलाढ्य शत्रूने) सलग चार-पाच वेळा लोळवलं, तरी लगेच लेव्हल (पात्राच्या ताकदीची पातळी) वाढवायला पळू नका. आधी आपण नेमके कशाने मरतोय ते बघा. शस्त्र अपग्रेड करायचं राहिलंय का? शत्रूला आग, बर्फ की वीज लागू पडते? बऱ्याचदा अडचण एवढीच असते.

२. लेव्हल खरंच कमी असेल, तर सर्वांत जास्त एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) देणारा शत्रू शोधा. ‘ड्रॅगन क्वेस्ट’मधला मेटल स्लाइम असाच. त्याचा जीव इवलासा, पण कवच भक्कम, आणि तो पटकन पळ काढतो. मारता आला, तर साध्या वीस लढायांचं काम वाचतं. सेव्ह पॉइंट (खेळ जतन करायची जागा) जवळ ठेवा आणि दोन-तीन लेव्हल वाढल्या की पुन्हा बॉसकडे जा.

३. साइड मिशन निवडून घ्या. पात्रांची गोष्ट पुढे नेणारी किंवा नवं कौशल्य देणारी आधी करा. ‘विचर ३’मध्ये तुमच्या लेव्हलच्या फार मागे राहिलेल्या क्वेस्टचा (मोहिमेचा) एक्सपी नगण्य होतो, म्हणून चांगल्या क्वेस्ट वेळेवर उरका. ‘स्कायरिम’मधल्या रेडियंट क्वेस्ट मात्र गेम आपोआप बनवत राहतो. त्या संपवायचा हट्ट धरू नका, त्या संपतच नाहीत.

४. आता पैशांचं. २००६ साली ‘ऑब्लिव्हियन’ने घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! पण ते निदान मुख्यतः दिसण्यापुरतं होतं. २०१८च्या ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’च्या दुकानात ५० टक्के जादा एक्सपी कायमचा विकायला होता. पूर्ण किंमत मोजलेल्या गेममध्ये वेळ वाचवण्यासाठी पुन्हा पैसे मागणं मला पटत नाही. कंटाळा आलाच, तर डिफिकल्टी कमी करा. ते फुकट आहे.

५. गाचा गेममध्ये (जिथे पात्रं नशिबाच्या सोडतीतून मिळतात) हिशेब नेहमी वाईटात वाईट नशिबाचा करा. ‘गेनशिन इम्पॅक्ट’मध्ये पंचतारांकित पात्र मिळण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के, हमी ९०व्या पुलला (सोडतीच्या खेपेला). तेव्हाही बॅनरवरचंच (त्या वेळच्या खास सोडतीतलं) पात्र मिळेल असं नाही, त्यामुळे हवं ते हमखास मिळवायला १८० पुल लागू शकतात. एका पुलला १६० प्रिमोजेम (गेममधलं चलन), म्हणजे एकूण २८,८००. तेवढे खेळून साठले नसतील, तर तो बॅनर सोडून द्या.

६. दुकानात जतन केलेलं कार्ड काढून टाका आणि प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा. हे गेम सुरू करण्याआधीच करा, हरल्याच्या चिडीत नाही.