वसतिगृहाची अनामत भरूनही अर्ज ‘प्रलंबित’ दिसत असल्यास

मुलीच्या विद्यापीठ वसतिगृहाची अनामत माझ्या खात्यातून वजा झाली, तरी तिच्या अर्जावर ‘अनामत प्रलंबित’ असेच दिसत राहिले आणि खोली निवडण्याचे पान उघडेना. ब्राउझर बदलून, बँकेत चौकशी करूनही उपयोग झाला नाही. मुदत जवळ येत असल्याने जीव टांगणीला लागला होता.

प्रथम मुलीने स्वतःच्या लॉगिनमधून पालकाला माहिती देण्यास संमती नोंदवली, कारण त्याशिवाय कार्यालय माझ्याशी बोलत नव्हते. मग तिच्या विद्यापीठीय ईमेलवरून, विषयात अर्ज क्रमांक लिहून, व्यवहार क्रमांक, तारीख, रक्कम आणि खातेदाराचे नाव लेखा विभागाला कळवले. भरणा माझ्या नावाने असल्यामुळे तो तिच्या अर्जाशी जुळलाच नव्हता. नोंद जुळल्यावर तिने पुन्हा लॉगिन करून करारावर सही केली आणि त्यानंतरच खोली निवडता आली. तोवर दुसऱ्यांदा पैसे मात्र भरू नयेत.