नव्या संगणकासोबत आलेले काय ठेवावे, काय काढावे

जळगावच्या बाजारात भरताची वांगी घेतल्यावर भाजीवालीने वरून मूठभर कोथिंबीर घातली, तर कोणी तक्रार करत नाही. संगणक चालवणाऱ्या कार्यप्रणालीसोबत (ऑपरेटिंग सिस्टिम, उदा. विंडोज) येणाऱ्या जादा सॉफ्टवेअरचे तसे नसते. ही कोथिंबीर कधी पिशवीतून निघतच नाही, तर कधी ती वांग्याइतकीच गरजेची असते. म्हणून संगणक घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी विंडोज ११ च्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘ॲप्स’ आणि त्यातील ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ ही यादी उघडावी आणि प्रत्येक नावापाशी विचारावे: हे काढले तर इतर प्रोग्रॅमचे काम अडेल का?

अडणार असेल, तर ते कार्यप्रणालीतच असणे योग्य. मराठीचेच पाहा. देवनागरीची युनिकोड सोय (प्रत्येक अक्षराला सर्व संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक) आणि मंगल फॉन्ट विंडोज २००० मध्ये आले. त्याआधी, आणि सवयीमुळे पुढेही कित्येक वर्षे, धुळ्यात टंकलेला अर्ज नंदुरबारच्या संगणकावर तोच फॉन्ट नसला की निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन उघडत असे. आता ‘टाइम अँड लँग्वेज’मधून मराठी जोडावी आणि विंडोज व स्पेस ही बटणे एकत्र दाबून कळफलक बदलावा, वेगळे काही विकत घेण्याचे कारण नाही. टचपॅड, आवाज, वायफाय यांच्या ड्रायव्हरला, म्हणजे ते भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, हात लावू नये.

ठरावीक काळच मोफत चालणारा, मुदतीचा अँटिव्हायरस वापरायचा नसेल तर निःशंकपणे काढावा. संगणक पुन्हा सुरू केल्यावर विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप कामाला लागतो. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून तेवढी खात्री करावी. नको असलेले खेळ आणि खरेदीची ॲप्स काढताना विचार करण्यासारखे काही नाही.

ब्राउझर आणि संगीत वाजवणारे प्रोग्रॅम यांना पर्याय असतात, आणि खरा वाद तेथेच आहे. युरोपीय आयोगाने २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंचा दंड करून मीडिया प्लेयरविना विंडोज विकण्यास भाग पाडले. परंतु ती आवृत्ती त्याच किमतीला मिळत असल्याने तिला फारसे ग्राहक लाभले नाहीत. माझ्या मते अशी सॉफ्टवेअर सोबत देण्यास हरकत नसावी, ती काढू न देण्यास असावी.

फोनवर ही अडचण अधिक जाणवते. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडप्रकरणी गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि आधीच भरलेली तिची ॲप्स काढू द्यावीत असेही बजावले. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण ॲप्सविषयीचा तो आदेश रद्द केला. त्यामुळे जेथे ‘अनइन्स्टॉल’ दिसत नाही, तेथे ‘डिसेबल’ निवडावे. ॲपची मूळ प्रत प्रणालीच्या राखीव भागात तशीच राहते आणि जागा केवळ अपडेट व साठलेल्या माहितीपुरती मोकळी होते, परंतु ते ॲप चालायचे थांबते. एका वेळी एकच बंद करून दोन दिवस फोन वापरून पाहावा. काही अडलेच, तर त्याच ठिकाणी ‘एनेबल’ दाबले की ते पुन्हा सुरू होते.