पायाच्या बायपासनंतर जखम चिघळू नये म्हणून या चुका टाळा

मी ठाण्यात घरोघरी जाऊन ड्रेसिंग करते. पायाच्या धमनीचा बायपास, म्हणजे तुंबलेल्या धमनीला वळसा घालून रक्ताला नवी वाट करून देण्याचं ऑपरेशन, झालेल्या पेशंटकडे गेलं की घरातले कौतुकाने पोटरीवरचे टाके दाखवतात. मी आधी जांघेतले टाके बघते. तिथे घाम साठतो, पोटाची घडी टाक्यांवर पडते, लघवीची जागाही जवळच. धमनी फार खोल नसते. कृत्रिम नळी बसवलेली असेल आणि इन्फेक्शन तिच्यापर्यंत पोचलं, तर पाय काय, जीवही धोक्यात येतो.

ऐन पावसाळ्यात कळव्याला एका आजोबांची लुंगी सरकवली, तर टाक्यांवर हळद-तेलाचा जाड थर. आजी म्हणाल्या, "सिस्टर, जखम लवकर भरावी म्हणून लावली हो." खालची कातडी भिजून पांढरी पडली होती, वास येत होता. हळद, तेल, पावडर, काहीही लावू नका. डॉक्टरांनी अंघोळीला हो म्हटल्यावर पाणी नुसतं वरून वाहू द्या, चोळू नका, स्वच्छ सुती कापडाने टिपून घ्या. मग जांघेच्या घडीत कोरड्या गॉजची पट्टी ठेवा. ओलसर लागली की बदला. आपल्याकडच्या दमट हवेत दिवसातून तीन-चारदा बदलावी लागते.

आजोबांना त्याच दिवशी सर्जनकडे पाठवलं. जखम उघडून मेलेला भाग काढला, पू तपासून त्याप्रमाणे अँटिबायोटिक दिलं, व्हॅक मशीन (जखमेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र) लावलं. घरात उरलेल्या गोळ्या मनाने सुरू केल्या असत्या तर तपासणीत जंतू नीट सापडलाही नसता.

"नुसतं पाणीच येतंय" म्हणून गप्प बसणं ही दुसरी मोठी चूक. ते बहुतेकदा लसिकेचं (लिम्फ, शरीरातल्या बारीक नलिकांमधून वाहणारा पातळ द्रव) पाणी असतं. आराम आणि ड्रेसिंगने थांबतं, कधी पुन्हा टाका घालावा लागतो, पण उघडी वाट जंतूंनाही मिळते. त्याच दिवशी फोन करा.

रक्तपुरवठा वाढला की पाय सुजतो, सूज काही आठवडे-महिने राहते. खुर्चीत पाय लोंबकळत ठेवू नका, स्टुलावर घ्या, टाच अधांतरी राहू द्या. सर्जनला न विचारता क्रेप बँडेज आवळू नका, नव्या रक्तवाहिनीवर दाब येतो. घरातल्या घरात थोडं थोडं चालायचं मात्र आहेच.

साखर रोज तपासा. तंबाखू, मिश्री, बिडी पूर्ण बंद; याबाबत मी कुणाचंच ऐकत नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मनाने थांबवू नका.

जांघेतून ताजं लाल रक्त आलं तर पेशंटला आडवं करा, तळहाताने जोरात दाबा, सारखं उचलून बघू नका, 108 ला फोन लावा. पाय अचानक गार, पांढरा किंवा बधिर पडला तरी ओपीडीची वाट बघू नका. संध्याकाळी घोडबंदर रोडवर ॲम्ब्युलन्सही अडकते, म्हणून लगेच निघा.