मोठे टायर आणि लिफ्ट: पिकअप उंच करताना या चुका टाळा

इसुझूची व्ही-क्रॉस किंवा टोयोटाची हायलक्स पिकअप दारात आली की महिनाभरात दोन गोष्टी डोक्यात घोळायला लागतात: गाडी उंच करायची आणि चाकं दणकट करायची. बहुतेक जण याच क्रमानं जातात. लिफ्ट किट (सस्पेन्शन उंच करणारा संच) आधी बसतं आणि मग त्याखाली मावेल तो टायर शोधला जातो. क्रम उलटा हवा. टायरचा साइझ आधी ठरवा, त्याला किती जागा लागते ते मोजा आणि तेवढीच लिफ्ट घ्या.

या गाड्यांचा मागचा ॲक्सल अखंड आहे आणि डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा त्याच्या मधोमध, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) खाली असतो. लिफ्टमुळे पाट्यांच्या वरचं सगळं उचललं जातं. गोळा होता तिथंच राहतो. दगडाला आधी तोच लागणार. त्याला वर उचलतो फक्त टायर, तोही व्यास जेवढा वाढला त्याच्या निम्म्यानं. पुढचा डिफरन्शियल चेसिसला टांगलेला असल्यामुळे लिफ्टनं वर जातो खरा, पण त्याची किंमत ड्राइव्ह शाफ्टच्या (चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याच्या) कोनात मोजावी लागते.

आकडे मांडून बघा. २५५/६० आर १८ या टायरची रुंदी २५५ मिमी आणि भिंत त्याच्या ६० टक्के, म्हणजे १५३ मिमी. दोन्ही बाजूंच्या भिंती ३०६ आणि १८ इंची रिम ४५७, म्हणून एकूण व्यास सुमारे ७६३ मिमी. त्याजागी २६५/६५ आर १८ घातला तर व्यास जवळपास ८०२ मिमी होतो. गोळ्याखाली १९ मिमी जास्त मिळाले, तेवढेच. स्पीडोमीटर आता ५ टक्के कमी दाखवणार. काटा १०० वर असताना गाडी पूर्वीपेक्षा ५ टक्के जोरात पळत असते. ओडोमीटरही तेवढंच कमी मोजतं, त्यामुळे ‘टायर बदलले आणि ॲव्हरेज पडलं’ ही तक्रार थोडी फुगलेली असते. आधी किलोमीटरमध्ये ५ टक्के मिळवा आणि मग डिझेलचा हिशेब करा.

२७५/७० आर १८, म्हणजे ३३ इंची टायरला गेलात तर फरक १० टक्क्यांचा होतो. तिथं गिअरिंग जड पडतं, लो रेंजमध्ये (फोर व्हीलच्या सगळ्यात हळू गिअरमध्ये) गाडी रांगायच्या ऐवजी पळते, ब्रेकला जास्त ताकद लागते आणि कापाकापीशिवाय चाक बसत नाही. रोजच्या वापरातल्या गाडीला ५ टक्क्यांच्या आसपासच थांबावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

‘दोन इंच लिफ्ट आहे, आता घासणार नाही’

हा सगळ्यात महाग गैरसमज. लिफ्टमुळे गाडी उभी असताना चाक आणि मडगार्डमधलं अंतर वाढतं. पण मोठ्या खड्ड्यात सस्पेन्शन पूर्ण दाबलं गेलं की चाक लिफ्टच्या आधी जिथपर्यंत जायचं तिथपर्यंतच जातं, कारण बंप स्टॉप (चाकाची वरची हालचाल अडवणारा रबर) जुनाच आहे. म्हणून वर्कशॉपमध्ये सपाट जागी स्टिअरिंग फिरवून ‘क्लिअर आहे’ म्हणण्याला अर्थ नाही. एक पुढचं चाक रॅम्पवर किंवा मोठ्या दगडावर चढवा, ते पूर्ण दाबलं जाऊ द्या आणि मग स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवा. बंपरची मागची कड, आतलं प्लॅस्टिक लायनर, मडफ्लॅप आणि चाकाच्या मागचं बॉडी माउंट (बॉडी चेसिसवर जिथं बसते ती जागा), या चार जागा बघा. रिव्हर्समध्येही तपासा, काही गाड्या फक्त तेव्हाच घासतात.

घासण्याचं खापर टायरवर फुटतं, पण दोषी बऱ्याचदा रिमचा ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते माप) असतो. चाक बाहेर आलेलं दिसावं म्हणून कमी ऑफसेटचं रिम घेतलं की वळताना टायर मोठ्या वर्तुळात फिरतो आणि नेमका बंपर व बॉडी माउंटवर जातो. शिवाय व्हील बेअरिंगवर ताण वाढतो आणि स्टिअरिंग हातात झटके देतं. कंपनीच्याच ऑफसेटवर न घासणारा टायर ३० मिमी बाहेर काढला की घासू शकतो. आणखी एक: व्ही-क्रॉस आणि हायलक्स दोन्हींना सहा नट, पीसीडी (नटांच्या वर्तुळाचा व्यास) १३९.७ मिमी, म्हणून एकाचं रिम दुसऱ्याला चालेल असं धरू नका. मधल्या हबचं भोकही जुळावं लागतं.

पुढे किती, मागे कसं

पुढच्या डबल विशबोनला (वर-खाली दोन आर्म असलेल्या सस्पेन्शनला) साधारण ५० मिमी लिफ्ट ही मर्यादा समजा. त्यापुढे ड्राइव्ह शाफ्टचा कोन इतका वाढतो की सीव्ही जॉइंटचे (शाफ्टच्या टोकाच्या सांध्याचे) रबरी बूट फाटतात, ग्रीस उडतं, चिखल आत शिरतो आणि थोड्याच दिवसांत वळताना कटकट आवाज यायला लागतो.

स्वस्तातला स्पेसर, म्हणजे जाड चकती, शॉक ॲब्सॉर्बरच्या डोक्यावर बसतो. इथली ठरलेली फसगत अशी, की ५० मिमी लिफ्ट हवी म्हणून ५० मिमीचा स्पेसर घेतला जातो. शॉक खालच्या आर्मच्या मध्याच्या आसपास जोडलेला असल्यामुळे २५ मिमीच्या स्पेसरनं चाकापाशी जवळपास दुप्पट लिफ्ट मिळते. आधी दुसऱ्या कुणी घातलेला स्पेसर आहे का तेही बघा. स्पेसरवर स्पेसर कधीही नको. स्टीलचा बंपर आणि विंच मिळून ८०-१०० किलो नाकावर येणार असतील, तर स्पेसरचा विचारच सोडा. त्या वजनासाठी जास्त रेटची (जास्त कडक) स्प्रिंग आणि तिला जुळणारा शॉक लागतो.

लिफ्टनंतर गाडी सरळ रस्त्यावर भरकटत असेल, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप मध्यावर येत नसेल, तर कॅस्टर (बाजूनं बघताना स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कललेला कोन) कमी झालाय. नुसतं टो सेट करून ‘अलाइनमेंट झालं’ म्हणणाऱ्याकडून टो, कॅस्टर आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) या तिन्ही कोनांची छापील चिठ्ठी मागा. कॅम बोल्ट किंवा शिमच्या (कोन जुळवायच्या बोल्ट-पट्ट्यांच्या) मर्यादेत कॅस्टर आणि कॅम्बर येत नसतील, तर वेगळे अप्पर आर्म लावावे लागतात. ते लिफ्टच्या बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरा.

मागे लांब शॅकल (पाट्यांचं टोक चेसिसला जोडणारी कडी) लावणं सोपं, पण ५० मिमी लांब शॅकलनं २५ मिमीच उंची मिळते आणि ॲक्सल थोडा गोल फिरतो. पिनियनचा (प्रोपेलर शाफ्ट ॲक्सलला जिथं जोडतो तिथला) कोन बदलला की गाडी जागेवरून उठताना थरथरते. दोन तुकड्यांचा प्रोपेलर शाफ्ट असेल तर सेंटर बेअरिंगचा कोन आधी तपासा. गिअरबॉक्स उघडून काही सापडणार नाही. पाट्यांचा पूर्ण संच बदलणं सगळ्यात चांगलं, जादा पाटा टाकणं ठीक. काहीही केलं तरी यू-बोल्ट नवे घ्या. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा वापरू नये, आणि नवे ५०० किलोमीटरनंतर परत आवळावेत.

गाडीत लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असेल तर तो ॲक्सल आणि चेसिसमधल्या अंतरावरून भार ओळखतो. गाडी उंच झाली की त्याला ती रिकामी वाटते आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. त्याचा रॉड किंवा ब्रॅकेट नव्या उंचीला जुळवून घ्यायला फिटर हमखास विसरतात. ब्रेकचे होजही चाक पूर्ण लोंबकळत असताना ताणले जात नाहीत ना, हे बघून घ्या.

टायर कुठला, हवा किती

महाराष्ट्रात बहुतेकांना एटी (ऑल-टेरेन) टायर पुरतो. एमटी (मड-टेरेन) देखणा दिसतो, पण पावसाळ्यात ताम्हिणीच्या ओल्या डांबरावर तो एटीपेक्षा लवकर सुटतो, आणि गाडीचा बहुतेक वेळ डांबरावरच जातो. एमटीची खरी गरज काळ्या मातीत. ती चिकट माती एटीच्या खाचांत भरून टायर गुळगुळीत करते. एमटीच्या रुंद खाचा ती फेकून देतात. चिखलाखाली कडक थर असेल तर रुंद टायरपेक्षा अरुंदच बरा, तो चिखल कापत तळाला टेकतो.

लोड इंडेक्स (टायर किती भार पेलतो त्याचा क्रमांक) कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको: १०८ म्हणजे १००० किलो, ११२ म्हणजे ११२० किलो. एलटी (लाइट ट्रक) टायर घेतला तर दारावरच्या स्टिकरची हवा पुरत नाही, कारण तेवढ्याच हवेत एलटी साध्या टायरपेक्षा कमी भार पेलतो. ३६ ते ४० पीएसआयपासून सुरुवात करा. ट्रेडवर आडवी खडूची रेघ मारून थोडं सरळ चालवा. रेघ मधेच पुसली तर हवा जास्त, कडेला पुसली तर कमी.

पाचवा टायरही त्याच साइझचा घ्या. जुनी छोटी स्टेपनी लावून फोर व्हील टाकलं की पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) तापते. मोठी स्टेपनी बॉडीखालच्या जागेत बसते का, तेही टायर विकत घेण्याआधीच मोजा.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. कलम १८२-अ खाली मालकाला दर बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघातानंतर विमा कंपनी लिफ्टवर बोट ठेवू शकते, तेव्हा काम सुरू करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी दोघांकडे लेखी विचारणा करा.

काम झाल्यावर शंभर किलोमीटरनं चाकांचे नट पुन्हा आवळा. हेडलाइटही खाली घ्या: सपाट जागी भिंतीपासून साडेसात मीटरवर गाडी उभी करा, लो बीमची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साडेसात सेंटिमीटर खाली पडली पाहिजे.